माळावरचा केना

तुम्ही फोनवर विचारलंत, आजी, तू खरंच शेतात काम केलंस का? केलं. शाळेतली नोकरी संपल्यावर, साठी ओलांडल्यावर. दोन हजार सालानंतरच्या एका पावसाळ्यात.

पडघ्याच्या अलीकडे माळावर आपली वीस गुंठे जमीन होती. भात खाली, बांध घालून पाणी अडवलेल्या खाचरात. माळावर पाणी ठरत नाही, म्हणून तो पडीक. दोन्ही बाजूंच्या जमिनी गोदामांना गेल्या होत्या. तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ आपलीही द्यायच्या विचारात होते. मी म्हटलं, एक हंगाम मला द्या, सोयाबीन लावते.

"गनपतीपर्यंत पीक दिसलं तर र्‍हाऊ दे," ते म्हणाले. "न्हायतर गोदामवाल्याला मी हो म्हननार. मग रडायचं न्हाय, वैनी."

मी दोरी धरून दीड-दीड फुटावर सरळ ओळींत बी टोकलं. ते पाहून भाऊजी हसले. "ह्या काय पोरांच्या वह्या हायत?"

रोपं छान उगवली, आणि नेमकी खाली भाताची लावणी सुरू झाली. लावणी असताना आपल्याकडे दुसऱ्या कामाला कोणी हात लावत नाही. बेणणी, म्हणजे तण उपटणं, ती लावणीनंतरच. मीही मान्य केलं. ती माझी चूक. तीन आठवड्यांनी माळावर गेले तर सोयाबीन दिसेना. सगळीकडे केना, तो निळ्या फुलांचा, रसरशीत देठांचा.

माझ्या धाकट्या जावेने लावणी उरकल्याच्या दुसऱ्याच दिवशी पाच बायका आणल्या. ओळी सरळ होत्या, म्हणून पीक कुठे आणि तण कुठे ते गवतातही कळत होतं. दोन दिवसांत शेत मोकळं झालं. उपटलेलं तण बायकांनी ओळींमध्येच टाकलं. खाचरात असंच करतात. तण पायाने चिखलात दाबलं की कुजतं.

पण माळ म्हणजे खाचर नव्हे. चार दिवस पावसाची झड लागली आणि टाकलेला केना जागच्या जागी पुन्हा उभा राहिला. त्याच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं, हे आम्हा भातवाल्यांना ठाऊकच नव्हतं. एकाच्या जागी चार झाले होते.

भाऊजी बांधावर उभे राहिले. "वैनी, तुमी बेनलं का लावनी केली?"

बायका आता दुसऱ्यांकडे कामाला गेल्या होत्या. मी घरी येऊन सुतळी घेतली आणि शेताचे वीस पट्टे पाडले. रोज सकाळी एक पट्टा. उपटलेला तुकडान् तुकडा टोपलीत, आणि टोपली नेऊन बांधापलीकडच्या खडकावर पालथी. गुडघे इतके दुखत की पोतं चौपदरी घालून बसत असे.

पाचव्या दिवशी जाऊ आली. माझ्या पट्ट्याच्या समोरच्या टोकाला बसली.

"ताई, तुमची शाळा सुटली, पन तास काय संपला न्हाय," ती म्हणाली.

"गप्प बस आणि टोपली ओढ."

"बगा, आता मलाबी वर्गात घेतलं!"

दोघी झाल्यावर दिवसाला दोन पट्टे होऊ लागले. कडेच्या तीन पट्ट्यांत मात्र उशीर झाला होता. तिथली रोपं पिवळी, दोरीसारखी बारीक झाली होती. ती आम्ही कापून म्हशीला घातली. उरलेल्या सतरांवर नंतर पानं इतकी दाटली की खाली तणाला ऊनच मिळेना.

गणपतीत गोदामवाला पेढे घेऊन आरतीला आला. आरतीनंतर भाऊजी त्याला माळावर घेऊन गेले. मी मागे राहिले नाही, बरोबर गेले. भाऊजींनी एक झाड वाकवलं, शेंगा चाचपल्या.

"यंदा न्हाय जमनार," ते त्याला म्हणाले. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात माळावर पुन्हा सोयाबीन उगवलं होतं. लावणीच्या पहिल्या सकाळी खाचरात रोपांच्या मुठी तयार होत्या, बायका पदर खोचून उभ्या होत्या. भाऊजींनी त्यांना थांबवलं.

"आधी वर माळावर जा," ते म्हणाले. "आन् टोपल्या न्या. तन तितं टाकायचं न्हाय."