ताळा जुळला होता

माझ्या हळदीला पहिली हळद आत्याने लावायची होती. तिला रोडपालीहून यायला उशीर झाला, कोणीतरी घाई केली आणि बाबांची ही थोरली बहीण पोचेपर्यंत मी पिवळी झाले होते. ती न जेवताच निघाली. जाताना बाबांच्या हातात तिने आपल्या नव्या फोनच्या नंबराची चिठ्ठी दिली.

"चूक तुमची हाय. फोन तू कर," म्हणाली.

बाबांनी केला. बंद. वर्षभर बंदच. रोडपाली आमच्या पनवेलहून रिक्षाने जाण्याइतकी जवळ, पण बोलावल्याशिवाय जायचं नाही हा हट्ट. दोघांचाही. नंबर चुकला असेल असं मी म्हटलं की बाबा म्हणायचे, "ताळा जुळतोय." विषय संपला.

बाबांची सगळी नोकरी मिठागरावर गोण्या मोजण्यात गेली. मोठा आकडा उतरवला की त्याचे अंक मिळवायचे, आलेल्या बेरजेचे पुन्हा मिळवायचे, एकच अंक उरेपर्यंत. तो शेजारी गोलात लिहायचा. मूळ आकड्याचाही तोच आला की नक्कल बरोबर. आत्याचा नंबरही त्यांनी चिठ्ठीवरून आपल्या वहीत असाच उतरवला होता, शेजारी गोलात सात.

गेल्या महिन्यात माहेरी गेले तेव्हा त्या वहीच्या कव्हरातून चिठ्ठी पडली. मी मोजलं. चिठ्ठीचा सात, वहीचाही सात. पण चिठ्ठीत मधेच आठ-तीन होते आणि वहीत तीन-आठ. मी तीनदा वाचलं. दहा-दहा अंकांच्या दोन वेगळ्या संख्या, आणि ताळ्याच्या मते दोन्ही बरोबर. मला त्या गणिताचा रागच आला.

मग वजाबाकी करून पाहिली. त्र्याऐंशीतून अडतीस गेले, पंचेचाळीस. मनानेच आणखी जोड्या घेतल्या. एकाहत्तरातून सतरा गेले, चोपन्न. बासष्टातून सव्वीस गेले, छत्तीस. सगळे नवाच्या पाढ्यातले! शेजारचे अंक उलटे पडले की फरक नेहमी नवाच्या पटीत, आणि ताळा नऊ टाकूनच देतो. मग तो राखण कसली करतो? का असं होतं ते मला अजून धड सांगता येत नाही.

बाबांना दाखवलं. त्यांनी बोटांवर पुन्हा बेरीज केली.

"सातच येतोय की."

"येतो. पण नंबर चुकलाय."

ते चिठ्ठीकडे बघत राहिले, मग वहीकडे. दोन्ही खरं कसं, हे त्यांनाही कळेना आणि मलाही समजावता येईना. शेवटी मीच चिठ्ठीवरचा नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"बाय, मी हाय," बाबा म्हणाले. "सात आला व्हता गं. म्हनून मी परत बगितलाच नाय."

आत्याने सात कसला ते विचारलं नाही.

"वरीसभर," ती म्हणाली, "न्हानीत जाताना पन फोन संगती नेत व्हते मी."