तोकिएबाईंचा फितूर अंगठा

तोकिएबाई बांदो जपानातल्या तोकुशिमाच्या बाजारात माशाची कटलेटं तळून विकायच्या; पण गाव त्यांना ओळखायचं ते पायावरून. पितरांच्या ओबोन सणात बायकांचं पथक नाचत निघालं, की पहिल्या रांगेत मधोमध तोकिएबाई. पायात गेता म्हणजे अंगठ्यात पट्टा अडकवायच्या लाकडी चपला, टाच हवेत, सगळा भार अंगठ्यांवर, आणि मान अशी ताठ, जणू रस्ता त्यांच्या सासऱ्यांनीच बांधलाय.

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलं, अंगठा शेजारच्या बोटावर रेलायला लागला, तेव्हा त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. अंगठा सरळ झाला. मग जरा जास्तच सरळ झाला, आणि शेजाऱ्यांशी भांडण झाल्यासारखा बोटांपासून दूर निघाला. बाईंना उलट आनंदच! गेताचा पट्टा नेमका त्याच फटीत बसतो. जागा ऐसपैस झाली म्हणून त्यांनी गेतावाल्या मासुतोमींकडून जाड पट्टा घालून घेतला. फट वाढली, की आणखी जाड.

"बाई, हा पट्टा आहे की जहाजाचा दोर?"

"तुम्ही बांधा हो. पाय माझा आहे."

एका तालमीत त्या अंगठ्याने भार घेतलाच नाही. बाई भर रांगेत आडव्या. पथकाची म्होरकी हिसानो, लहानपणची मैत्रीण, हळूच म्हणाली, "तोकिए, यंदापासून मागच्या रांगेत ये."

मागच्या रांगेत! बाई लंगडत तडक दवाखान्यात.

डॉक्टर इताहारांनी पाय पाहिला, मग गेता पाहिली. "काकू, हा पट्टा नाही, पाचर आहे. अंगठा आधीच फितूर झाला होता. तुम्ही त्याला ठोकून ठोकून पार पलीकडे पोचवलात."

"मग आणा ओढून परत."

"आणते. पण यंदा नाच नाही."

पुन्हा शस्त्रक्रिया करून डॉक्टरांनी स्नायूची एक कंडरा वळवून अंगठा पुन्हा आत ओढला, शेजारच्या बोटाशी बांधून ठेवला. त्या ओबोनला बाई रस्त्याकडेला बसून पंख्याने वारा घेत होत्या आणि पहिल्या रांगेला शिव्या घालत होत्या: "टाच टेकली बघ ती! म्हैस!"

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी एका रस्त्यापुरती परवानगी दिली. मासुतोमींनी बारीक लाल पट्टा घातला. तालमीत बाई हिसानोसमोर अंगठ्यांवर उभ्या राहिल्या आणि तशाच राहिल्या. शेवटी हिसानोच म्हणाली, "बस गं बाई, माझे पाय दुखायला लागले. जा पुढे."

सणाच्या संध्याकाळी पहिल्या रांगेत, मधोमध, टाच हवेत. गर्दीतून त्यांचे यजमान कुनिओ ओरडले, "अगं, अंगठा कसा आहे?"

मान न वळवता, ताल न चुकवता बाई म्हणाल्या, "शेजाऱ्यांशी बोलतोय!"