वहिनीचा बाद झालेला डाव

माझी वहिनी शिवणकाम करते. मोठ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत, चपलांच्या दुकानावर, एका खोलीत तिचं दुकान आहे. दोन खिडक्या, एक कापायचं टेबल आणि एक दणकट मशीन. ते सुरू झालं की खाली फळीवरच्या चपला नाचतात, अशी खालच्या दुकानदाराची जुनी तक्रार.

ती लग्न होऊन घरात आली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आई गेलेली. दादा भला माणूस, पण माझी वेणी घालायची म्हटलं की त्याला घाम फुटायचा. वहिनीने आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात माझा शाळेचा गणवेश उसवला आणि नव्याने शिवला, कारण त्याची कॉलर तिला बघवत नव्हती. तेव्हापासून माझ्या अंगावर जे काही आलं ते तिच्या हातचं. नोकरीच्या मुलाखतीला घातलेलं जाकीटसुद्धा. मी कधी आभार मानले नाहीत. घरच्या माणसाचे आभार मानायचे म्हटलं की माझी जीभ जड होते. भांडायला मात्र मी एका पायावर तयार.

दीड वर्षापूर्वी वरच्या फळीवरचा कापडाचा गठ्ठा काढताना वहिनी स्टुलावरून पडली. उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण प्लास्टर निघालं तेव्हा अंगठा आणि शेजारची दोन बोटं ताठ. कात्री धरता येईना, सुईत दोरा जाईना. पाण्याचा पेलासुद्धा ती डाव्या हाताने उचलायला लागली. व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपीच्या बाईंनी तिला दाबायला रबरी चेंडू दिला. वहिनीने तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर परत ठेवला.

"हा दाबून तयार काय होतं?" तिने विचारलं.

बाई हसल्या आणि त्यांनी खणातून सहा रंगांचा क्यूब काढला. "मग हा जुळवा. जुळला की दिसेल तरी."

पहिल्यांदा जुळवायला तिला महिना लागला. बाईंनी सांगितलेल्या पायऱ्या तिने कागदावर उतरवल्या आणि गिऱ्हाइकांची मापं चिकटवावीत तशा स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवल्या. पुढे वेगळीच पंचाईत झाली. जुळलेला क्यूब ती पुन्हा बिघडवायलाच तयार होईना. "झालेलं काम कुणी आपल्या हाताने उसवतं का?" म्हणायची.

मग ते काम दादाने अंगावर घेतलं. दादा शाळेची बस चालवतो. सकाळी निघण्याआधी, दुपारी घरी आल्यावर, संध्याकाळी हातपाय धुतल्यावर तो क्यूब घेऊन तिच्याकडे पाठ करून बसायचा आणि मन लावून बिघडवायचा. रोज दहा वेळा, वीस वेळा, वर्षभर. त्याला आजतागायत एक बाजूसुद्धा जुळवता आलेली नाही, पण बिघडवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. मी त्याची खूप टर उडवली. आज सांगते, तसा नवरा मिळायला नशीब लागतं आणि तसा भाऊ मिळायलाही.

बोटं हळूहळू सुटत गेली. वेळ पाच मिनिटांवरून दीड मिनिटावर आली. पण दुकानाचं नाव काढलं की वहिनीचा चेहरा पडायचा. "क्यूब चुकला तर पुन्हा जुळवता येतो. कुणाचं चांगलं कापड कापलं आणि ऐन वेळी बोट अडलं, तर?" असं म्हणत म्हणत तिने एके दिवशी मशीन विकायचं ठरवून टाकलं. मशीन न्यायला माणूस सोमवारी येणार होता. आणि त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, क्यूब जुळवायची स्पर्धा होती. बाईंनी तिचं नाव महिनाभर आधीच परस्पर देऊन ठेवलं होतं.

"पाच वेळा जुळवायचा असतो," वहिनीने आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. "पाचही डाव दोन मिनिटांच्या आत झाले तर मशीन ठेवते. एक जरी हुकला तर सोमवारी ते जाईल. मग कुणी मला काही बोलायचं नाही."

"हा कुठला नियम?" मी उसळले.

"माझा."

तिच्यापुढे मी हात टेकले.

स्पर्धा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. पन्नासेक स्पर्धक, त्यातले बहुतेक वहिनीच्या खांद्याला लागणारे. प्रत्येक टेबलावर चटई, टायमर आणि समोर एक पंच. बिघडवलेला क्यूब डब्याखाली झाकून आणायचा, पंधरा सेकंद नुसता बघायचा, मग जुळवायचा आणि खाली ठेवून दोन्ही तळवे टायमरवर मारायचे. क्यूब बिघडवायला वेगळी माणसं नेमलेली होती. दादा मान उंच करून त्यांच्याकडे बघत होता. "ठीक आहे. फार काही खास बिघडवत नाहीत," त्याने हळूच मत दिलं.

वहिनीच्या टेबलाशी चष्मा लावलेली एक कॉलेजातली मुलगी पंच होती. पहिला डाव सुरू झाला. वहिनीची बोटं फिरत होती, कुठे अडली नाहीत. तिने क्यूब ठेवला, तळवे मारले. एक मिनिट चौतीस सेकंद! दादाने माझा दंड इतका आवळला की वळ उठला.

आणि तेवढ्यात वहिनीने क्यूब पुन्हा उचलला. उलटा केला, मागची बाजू बघितली. वरचा एक थर जरासा तिरका राहिला होता, तो अंगठ्याने सरळ केला आणि मग समाधानाने खाली ठेवला. आयुष्यभर शिवलेला प्रत्येक कपडा तिने असाच उलटून, कड सरळ करून मग गिऱ्हाइकाच्या हातात दिलेला.

पंच मुलगी कळवळलीच. "अहो काकू, मी बघेपर्यंत हात लावायचा नसतो! तेवढं तिरकं चाललं असतं. आता हा डाव बाद लिहावा लागेल."

"तिरकं कसं चालेल?" वहिनी म्हणाली आणि मग तिला कळलं.

मी कपाळाला हात लावला. वहिनी उठून निघून येणार असं मला वाटलं. पण ती मुलगी पुढे वाकून म्हणाली, "काकू, पाचातली सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट वेळ सोडून देतात. मधल्या तिन्हींची सरासरी धरतात. हा वाईट डाव गेला समजा. अजून चार आहेत." हा नियम ज्याने कुणी केला त्याचं भलं होवो, आणि त्या मुलीचंही.

पुढचे चार डाव वहिनीने तळवे मारले की हात सरळ पाठीमागे बांधून खेळले. चौथ्यात क्यूब हातातून निसटला, तरी एक मिनिट बावन्नमध्ये आला. शेवटी नंबर लागला खालून तिसरा. दादाने टाळ्या अशा वाजवल्या की लोक वळून बघायला लागले.

पायऱ्या उतरताना वहिनी शांतपणे म्हणाली, "एक हुकला. उद्या त्या माणसाला येऊ दे."

माझं डोकंच फिरलं. भर रस्त्यात मी तिला उभी केली. "हुकला कशाने? बोट अडलं म्हणून?"

"बाद तो बाद."

"तो तिरका थर कुठल्या हाताने सरळ केलास?"

तिने डावा हात बघितला, मग उजवा. मग पुढे चालायला लागली. दादाने मला खुणेने गप्प बसवलं, आणि मी बसले.

सोमवारी मी सुट्टी काढून दुकानावर गेले. जाळी आणि धूळ मीच झाडली. दहा वाजता तो माणूस टेम्पो खाली उभा करून वर आला. वहिनी मशीनवर हात ठेवून उभी होती.

"मशीन द्यायचं नाही," ती म्हणाली.

"मग मला बोलावलंत कशाला?" तो वैतागला, आणि त्याचं खरंच होतं.

"चुकलं माझं. पण तुमच्या कोटाचं अस्तर बाहीतून लोंबतंय. काढा बघू."

तो बिचारा कोट काढून स्टुलावर बसला. वहिनीची पहिली टीप वाकडी गेली. तिने ओठ आवळले, टीप उसवली, पुन्हा घातली. ती सरळ आली. खालून चपलावाल्याचा आवाज आला, "आलात का हो परत?" माणूस कोट घालून, बाही निरखत रिकामा टेम्पो घेऊन गेला.

माझे डोळे भरून आले होते. म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. "वहिनी, थँक यू."

"कशाबद्दल?"

"सगळ्या कपड्यांबद्दल. गणवेशापासून."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. डोळे तिचेही ओले होते. "तुझ्या अंगातला हा विकतचा कोट खांद्यात किती ओढतो," ती म्हणाली. "दीड वर्ष बघतेय आणि हात चोळत बसलेय. उद्या आण, उसवून नीट करते."

उद्या कशाला? मी तो तिथेच अंगातून काढून तिच्या हातात दिला.