बहिणीची चाई

मला बहीण नाही. दोन भाऊ आहेत, आणि दोघांच्याही डोक्यावर घोड्याच्या शेपटीसारखे केस आहेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझ्या बहिणीचा उल्लेख बराच येणार आहे.

मी वनरक्षक आहे. ब्रह्मपुरीहून जीपने तासाभरावर माझं बीट, म्हणजे माझ्या राखणीचा जंगलाचा तुकडा, आणि त्याच्या तोंडाशी सरकारी क्वार्टर. जानेवारीतल्या एका सकाळी अंबाडा घालताना मानेच्या जरा वर बोटाला गार, गुळगुळीत काहीतरी लागलं. मोबाइल डोक्यामागे धरून चार फोटो काढले. तीन छताचे निघाले. चौथ्यात टक्कल होतं, रुपया ठेवून आखल्यासारखं गोल.

याला चाई म्हणतात. किडा लागतो आणि केस खातो, अशी समजूत आहे. माझा किडा कोणता ते मला ठाऊक होतं. त्याच्या अंगावर पट्टे होते.

दिवाळीनंतर गावच्या बायांबरोबर सरपणाच्या वाटेनं जात होते, तेव्हा तो नाल्यातून वर आला. माझ्यापासून पंधरा पावलांवर. बाया मागे, वळणापलीकडे होत्या. अशा वेळी शिटी वाजवायची, काठी आपटायची, हे मीच गावोगाव सांगत फिरते. मी शिटी तोंडात धरली आणि फुंकायला माझ्यात वाराच उरला नव्हता. वाघानं माझ्याकडे पाहिलं, जांभई दिली आणि निघून गेला. तेवढ्यात बाया वळणावर आल्या. त्यांना दिसली त्याची शेपटी आणि तिच्यासमोर ताठ उभी असलेली मी. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की गार्डबाईनं डोळे वटारले अन् वाघ पळाला. मी कुणाला खोटं पाडलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी डोळे जरा वटारूनच गावातून फिरले.

या थापेचा एक फायदाही झाला. मार्चमध्ये मोहफुलं पडायला लागली की बाया अंधारातच निघतात, एकेकटी, आपापल्या झाडाखाली. वाघ येतो मागून, आणि मोह वेचणारी बाई तासन् तास वाकलेलीच असते. येत्या हंगामासाठी मात्र त्यांनी आपणहून कबूल केलं होतं, उजाडल्यावर घोळक्यानं जायचं, वाघाला न भिणाऱ्या बाईच्या मागून. आता त्या बाईचे भीतीनं केस गळताहेत हे कळलं असतं, तर कोण थांबणार होतं उजाडेपर्यंत? म्हणून ही चाई कुणाला दिसता कामा नये, असं मी ठरवलं. थोडा माझ्या दिसण्याचाही प्रश्न होता, नाही असं नाही.

ब्रह्मपुरीत कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि विचारलं, "टेन्शन कशाचं आहे?"

"वाघाचं."

"तसं नाही. मनात काही?"

"मनातच असतो तो."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. ताणानं कधीकधी असं होतं, म्हणाले, बहुतेक वेळा केस परत येतात, पण महिने लागतात. चकतीत बारीक बारीक सुया टोचल्या, दर महिन्याला यायला सांगितलं. अंबाडा घट्ट बांधू नका, भलतंसलतं चोळू नका, झोप घ्या, आणि जिथे टेन्शन येतं तिथे शक्यतो जाऊ नका. मी म्हटलं, पगार तिथेच मिळतो.

चामोर्शीला आईला फोनवर सांगितलं. तिनं तासाभरात उलट फोन केला. "मार्कंड्याच्या देवाले नवस बोलली मी. केस आले का एक बट कापून वैनगंगेत सोडू."

"आई, येणार मूठभर, त्यातले तू नदीत सोडणार."

"देवासंग घासाघीस करू नोको."

डॉक्टरांवर विश्वास होता, पण महिने म्हणजे फार झाले. गावातल्या बायांना झाडपाला कळतो. म्हणून एके दिवशी बोरिंगवर मी सहज म्हटलं, "माझ्या बहिणीला चाई पडली आहे. काय लावावं?"

तिथे बायांची म्होरकी होती. साठीची, काटक, मोहाला सगळ्यांच्या आधी पोचणारी. मी तिला मावशी म्हणते. मावशीनं घागर खाली ठेवली. "लसून घासाले सांग. नाईतं अस्वलाची चरबी."

मी खाकीत उभी होते. म्हटलं, "मावशी, अस्वलाची चरबी जवळ ठेवणं गुन्हा आहे."

"मंग हत्तीचा दात जाळून त्याची राख."

"तो तर त्याहून मोठा गुन्हा."

"म्हंजे तुह्या बहिनीचे केस सरकारनंच अडवून ठेवले म्हन."

त्या दिवसापासून रोज विचारपूस सुरू झाली. बहिनीचं कसं हाये? रातच्याले झोपते का? मी म्हणायची, फारशी नाही. मग मावशी म्हणायची, झोपाले सांग तिले, अन् जेवते का नाई ते बी पाह्य. परगावच्या, कधी न पाहिलेल्या बाईची एवढी काळजी करणारं गाव मला फार भलं वाटलं.

फेब्रुवारी संपता संपता ऑफिसातून मुखवट्यांचा गठ्ठा आला. प्लॅस्टिकचे, माणसाच्या चेहऱ्याचे, गुलाबी गाल आणि काळ्याभोर मिशा. ते डोक्याच्या मागे बांधायचे, म्हणजे माणूस आपल्याकडेच पाहतो आहे असं वाघाला वाटतं आणि तो मागून येत नाही. मी चौकात बायांना बसवून हे सगळं समजावलं.

"घरी एक हायेच डोये काढून पाह्यनारा," एकजण म्हणाली. "आता ह्याले मागून कायले बसवू?"

"मिशा पाहून वाघीनच मागं लागन," दुसरी म्हणाली.

मुखवटे सगळ्यांनी नेले, फुकटचं कोण सोडतो. एक मिरचीच्या वाडीत बुजगावण्यावर चढला, एक बकरीच्या पाठीमागे बांधलेला मी स्वतः पाहिला. जंगलात एकही आला नाही.

तोवर माझी चाई रुपयाची पुरी झाली होती. सैल अंबाडा घसरायचा, टोपी वरच राहायची. क्वार्टरमध्ये उरलेले मुखवटे पडले होते. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण झाकायला शासनच सामान पुरवील असं वाटलं नव्हतं. मी एक मुखवटा बांधला.

मग तो काढलाच नाही. जंगलात, बोरिंगवर, किराणा घ्यायला, बाजाराच्या दिवशीसुद्धा. बाजारात पोरं मागे लागली. भाजीवाल्यानं मुखवट्यालाच रामराम घातला. मी ताठ मानेनं सांगायची, सुरक्षेसाठी आहे.

चौथ्या दिवशी मावशी मुखवटा बांधून आली. बुजगावण्यावरचाच होता, एका गालाला चिखल. दुसऱ्या दिवशी आणखी तिघी. मोह पडायला लागला तेव्हा चौदाच्या चौदा जणींच्या मागे मिशा होत्या. झाडाखाली वाकून बाया फुलं वेचायच्या आणि त्यांच्या पाठीकडून चौदा गडी डोळे फाडून रानाकडे पाहत राहायचे. मी शिटी गळ्यात अडकवून उभी असायची आणि मनात म्हणायची, वा गं बाई, काय तुझा वचक.

रेंजर साहेबांनी फोटो काढले. मीटिंगमध्ये मला बोलायला लावलं. लोकांना नुसतं सांगून भागत नाही, मी म्हटलं, आधी स्वतः करून दाखवावं लागतं. टाळ्या पडल्या. मीही दोन वाजवल्या.

एप्रिलमध्ये, मोह सरत आला असताना, झाडाखालीच माझ्या मुखवट्याची इलॅस्टिकची दोरी तुटली. मुखवटा पाचोळ्यात पडला. चौदा जणी माझ्या मागेच होत्या. मी मानेवर हात ठेवला, पण एका हातानं काय झाकणार.

मावशीनं मुखवटा उचलला, दोरीला गाठ मारली आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली. बांधायच्या आधी तिनं माझा हात बाजूला केला आणि नीट पाहिलं.

"पांढरे पांढरे येऊन राह्यले," ती म्हणाली. "तुह्या बहिनीची चाई भरून राह्यली."

कुणी हसलं नाही. मी विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

"बोरिंगवर वाकून पानी पेत होती तवापासून. हे मुखोटे आले त्याच्या आधी."

"मग तुम्ही हे बांधले कशाला?"

"तू एकटीच बांधून फिरू लागली. बजारात लोक हासून राह्यले होते. चौघी-पाचजनी बांधतो म्हटलं तं साऱ्याच बांधतो म्हनाल्या. मंग कोन कोनाले हासन?"

मला तिथेच रडू आलं. वाटलं होतं, मी यांना राखते आहे. मीटिंगमधल्या टाळ्या आठवल्या आणि कान तापले.

"अन् केस कायनं गेले ते बी मालूम हाये," मावशी गाठ आवळत म्हणाली. "त्या दिवशी तुही शिटी नाई ऐकू आली. वाघापुढं कोनाची वाजते? पर तू पळाली तं नाई."

पाय हलत नव्हते म्हणून पळाले नाही, हे मात्र मी त्याही दिवशी सांगितलं नाही.

पांढरे केस हळूहळू काळे झाले. पुढच्या शिवरात्रीच्या जत्रेत आईनं मार्कंड्याला नेऊन माझी एक बट कापली आणि वैनगंगेत सोडली. तिनं जरा हात राखूनच कापली, एवढी दया केली.

त्यानंतर पंधरा दिवसांत मोह पडायला लागला. पहिल्या सकाळी मी भरघोस अंबाडा घालून, उघड्या मानेनं, तोऱ्यात चौकात गेले. बाया टोपल्या घेऊन तयार होत्या. चौदाच्या चौदा जणींची डोकी मोकळी.

"मुखवटे कुठे आहेत?"

"आता कायले?" एकजण म्हणाली. "तुही बहीन बरी झाली ना."

आदल्याच संध्याकाळी मी नाल्याच्या वाळूत वाघिणीची पावलं पाहिली होती, आणि बाजूला दोन पिल्लांची. तेही सांगितलं. जंगलात वाघ नाई राह्यनार तं कोन राह्यन, म्हणाल्या आणि टोपल्या डोक्यावर घेतल्या. वर्षभरात बरी झालेली भीती जशीच्या तशी परत आली, फक्त या वेळी ती माझ्यासाठी नव्हती.

मी मावशीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. "मावशी, बहिणीला परत चाई पडली."

मावशीनं माझ्या मागे येऊन तो भरघोस अंबाडा खालून वरून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"कुठी?"

"मागेच. आधीपेक्षा मोठी आहे."

तिनं टोपली खाली ठेवली. "चला वं, मुखोटे घेऊन या घरून," ती बायांना म्हणाली. "बाईच्या बहिनीचं पुन्हा गेलं."

कुरकुरत, हसत बाया घरांकडे वळल्या. मी पिशवीतून माझा मुखवटा काढून मावशीच्या हातात दिला आणि तिच्याकडे पाठ केली. "घट्ट बांधू नका हं," मी म्हटलं, "डॉक्टरांनी नको सांगितलंय तिला."

मावशीनं गाठ घट्टच मारली.