रबरी बुश आणि बसायला माणूस

नेव्हिल थ्रॉसेलने आपली गाडी स्वतःच्या हातांनी बांधली होती. सुटे भाग खोक्यांतून आले आणि इंग्लंडातल्या होल्बीच गावी, घरामागच्या गॅरेजमध्ये चार हिवाळे खपून त्याने त्यांची गाडी केली. छप्पर नाही, दारं नाहीत, वजन जेमतेम. हौशी गाडीवाल्यांच्या क्लबातली ग्लेनिस तिला चाकं लावलेला आंघोळीचा टब म्हणायची. नेव्हिलचं आयुष्य डबाबंद वाटाण्यांच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात गेलं. लग्न राहूनच गेलं. आई होती तोवर घरात दुसरा आवाज होता, मग तोही गेला. गाडीला सीट दोन, पण दुसरीवर आजवर फक्त त्याचा चहाचा थर्मास बसत आला. वळणावर लवंडतो म्हणून नेव्हिल त्याला पट्टा बांधायचा.

त्या मार्चमध्ये गाडी पुढून खडखडायला लागली. सस्पेन्शनचे बुश गेले होते. लोखंड लोखंडावर आपटू नये म्हणून सांध्यात घालतात त्या रबराच्या नळ्या. आता नवे रबरीच घालावेत की हल्ली निघालेत ते पॉलीचे, प्लास्टिकसारखे कडक, हे काही त्याचं ठरेना. शेवटी त्याने मॉरिस पिकवर्थला फोन केला. क्लबात असल्या बाबतीत मॉरिसचा शब्द शेवटचा.

"रबरीच घाल," मॉरिस म्हणाला. "एवढीशी हलकी गाडी तुझी. कडक घातलेस तर रस्त्यावरचा खडा न् खडा तुझ्या मणक्याला कळेल."

"पण पॉलीचे बसवायला सोपे."

"सोपे आहेतच. कसेही आवळ, चालतं. रबराचे नखरे असतात. चाकं जमिनीवर हवीत, सीटवर चालवणाऱ्याएवढं वजन हवं, तेव्हाच बोल्ट आवळायचे. नाहीतर तू बसलास की रबर पिळवटतं आणि लवकरच फाटतं. आता तूच सीटवर आणि तूच गाडीखाली, हे कसं जमायचं? बसायला कुणी आहे का तुझ्याकडे?"

नाही म्हणायला काय जात होतं? पण एकट्या माणसाला सगळ्यात जड जातं ते हेच.

"आहे की," नेव्हिल म्हणाला. "मित्र आहे एक."

फोनवर मॉरिस जरा वेळ गप्प राहिला. "बरं झालं मग," म्हणाला, हवेबद्दल दोन शब्द बोलला आणि त्याने फोन ठेवला.

आता मित्र आणायचा कुठून? शेजाऱ्याशी नेव्हिलची कुंपणावरून 'आज गारठा आहे' एवढीच मैत्री होती. तेवढ्या ओळखीवर, बाबा रे, माझ्या गाडीत तासभर नुसता बसतोस का, असं कसं विचारणार? गुपचूप पॉलीचे घालून मोकळं व्हावं, तर रविवारी पबमध्ये क्लबाच्या जेवणाला मॉरिस विचारणारच. हेका म्हणा, लाज म्हणा, त्याने रबरीच मागवले.

शनिवारी बुश बसवून झाले. मग त्याने रोपांच्या खतमातीची पोती आणून, आपल्या वजनाइतकी होतील अशा बेताने सीटवर रचली आणि पट्टा बांधला. तरी वरचं पोतं कलायला लागलं.

"सरळ बस की रे," नेव्हिल म्हणाला.

दोन दिवसांत तोंडातून निघालेले ते पहिले शब्द होते. ते पोत्याशी बोललो हे ध्यानात आलं तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली वाकून त्याने बोल्ट आवळले. काम मात्र नामी झालं होतं. कुणालाही खोट काढता आली नसती.

रविवारी पबमध्ये मंडळी भाजलेल्या बीफवर तुटून पडली होती. मॉरिसचा पत्ता नव्हता.

"बुश घातलेस म्हणे," ग्लेनिस म्हणाली. "मॉरिसला बसवलं असशील ना?"

"नाही. त्याला कशाला?"

"अरे, तो सगळ्यांना रबरीच घालायला सांगतो. मग हळूच विचारतो, बसायला कुणी आहे का. नाही म्हटलं की पठ्ठ्या हजर. दिवसभर सीटवर राजासारखा बसतो, केक संपवतो, अंधार पडला तरी उठायचं नाव घेत नाही. मला खरं तर पॉलीचे हवे होते. पण म्हटलं जाऊ दे, येऊ दे बिचाऱ्याला." तिने नेव्हिलकडे पाहिलं. "तू काय सांगितलंस?"

"आहे म्हणालो."

"मग घरी फुगून बसला असेल," ती म्हणाली आणि टेबलाभोवतीची सगळी हसली. नेव्हिलला काही हसू आलं नाही. ते फोनवरचं गप्प राहणं त्याला आत्ता कळलं होतं. त्याने जेवण अर्धंच टाकलं.

घरी येऊन तो कोटही न काढता गॅरेजमध्ये गेला. पोती उचलून शेडमागे नेऊन टाकली. मग पाना घेतला आणि कालचे सगळे बोल्ट एकेक करून ढिले केले. इतकं चोख काम मोडताना त्याच्या जिवावर आलं, पण त्याने ते मोडलं. मग फोन लावला.

"मॉरिस, तो माझा मित्र आलाच नाही रे. बोल्ट तसेच ढिले पडलेत."

पलीकडे मॉरिस खाकरला.

"असले मित्र ऐनवेळी येत नाहीतच," तो म्हणाला. "माझेही आहेत दोन-तीन. चहा टाक, मी निघालोच. आणि आवळायची घाई करू नकोस हं. रबराच्या कामाला अख्खा दिवस लागतो."