शनिवारी राहिलेल्या पाचरी

शामसुंदर मिस्त्री रविवारी हातोडीला हात लावत नसत. भिलाईत कारखाना उभा राहत होता, रात्रंदिवस काँक्रीटची ढलाई चाले. पण साहेब बोलावो की त्याचा साहेब, हे आपले धुतलेला सदरा घालून खुर्सीपारच्या टिनाच्या खोलीत प्रार्थनेला हजर. चर्च अजून बांधलं नव्हतं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा दुर्गहून येत, एरवी मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारे, हेच. कोण आलं नाही यावर यांची नजर मोठी बारीक.

एका रविवारी अरुणकुमार आला नाही. स्लॅबखालच्या सेंट्रिंगच्या कामात शामसुंदरांनीच तयार केलेला, लेकुरवाळा, जाणता गडी. तो साइटवर ठोकठाक करताना दिसला, असं कुणीतरी सांगितलं. झालं! पुढच्या रविवारी पाळकसाहेब आले, तेव्हा शामसुंदरांनी सर्वांदेखत त्याला प्रभुभोजनाची भाकरी घेऊ दिली नाही. तो मान खाली घालून मागे जाऊन बसला. आपण देवाचं काम चोख केलं, या समाधानात मिस्त्री घरी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी काँक्रीट वाहणारी गयाबाई त्यांना म्हणाली, "मिस्त्री, कालचा सोडून त्याच्या आधल्या इतवारी तुमचा अरुण नसता तं आमी साऱ्या दबून मेलो असतो. ढलाई सुरू होती अन् खाली टेकू दिलेल्या बल्ल्या सरकून राहिल्या होत्या. प्रार्थनेले निघाला होता, रस्त्यातून बलावून आणला. त्यानं एकट्यानं पाचरी ठोकल्या."

शामसुंदर बल्ल्यांखाली शिरले. टेकूंची ती रांग त्यांनीच उभी केली होती. त्या इतवाराच्या आदल्या शनिवारी भोंगा झाला, प्रार्थनेच्या तयारीची घाई. पाचरी त्यांनी नुसत्या अडकवून ठेवल्या होत्या.

अरुणकुमारला गाठून त्यांनी विचारलं, "तू बोलला कावून नाही?"

"पाचरी तुमच्या हातच्या होत्या, काका. साऱ्यांसमोर कसं सांगू?"

महिनाभर त्यांना अन्न गोड लागलं नाही. पाळकसाहेब पुन्हा आले, तेव्हा ते उभे राहिले आणि काही न लपवता सगळं सांगून मोकळे झाले. भाकरीचं ताट फिरत फिरत त्यांच्यापाशी आलं, पण त्यांचा हात पुढे होईना. अरुणकुमार मागून उठून शेजारी येऊन बसला. त्यानंही घेतली नाही.

"काका घेतीन तवा घेईन," तो पाळकसाहेबांना म्हणाला.

शामसुंदरांना रडू आवरेना. रडत रडतच त्यांनी एक तुकडा उचलला आणि आधी अरुणच्या हातावर ठेवला.