तळव्यांनी ऐकणारे सर

सरांची आणि माझी ओळख भांडणानंच झाली. नागपूरच्या जुन्या भागात, कोष्ट्यांच्या वस्तीला लागून असलेल्या शाळेत मी गायन शिकवायचे. सत्तरच्या आसपासची गोष्ट. सभागृह माझं, पेटी माझी, मधल्या सुट्टीनंतरचे दोन तासही माझे. एका सोमवारी जाऊन पाहते तर माझ्या पेटीच्या जागी ढोलांचा ढीग, वर परातीएवढ्या झांजा, आणि मागे पंचेचाळिशीचा एक सडपातळ माणूस रुमालानं झांज पुसत बसलेला.

"हे काय दुकान मांडलं इथं?" मी विचारलं.

"दुकान नाही बाई, संसार आहे," ते हसून म्हणाले. "मले बँड शिकवायले ठेवलं आहे."

त्यांचे वडील कामठीच्या छावणीतल्या बँडमध्ये वाजवायचे. हे विशीतच कलकत्त्याला पळाले आणि तिथल्या हॉटेलांत वीस वर्षं जॅझचे ड्रम वाजवत राहिले. बायको आजारी पडली म्हणून तिला घेऊन परत आले, ती गेली, आणि हे इथेच राहिले. मूलबाळ नव्हतं. मी ग्वाल्हेरी गायकीत वाढलेली. जॅझ म्हणजे माझ्या लेखी नुसता धांगडधिंगा. तसं मी तोंडावर म्हणूनही टाकलं. माझ्या नाकावर राग, तो पहिल्याच दिवशी त्यांनी पाहिला. तरी महिन्याभरात ते माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसायला लागले. म्हणाले, "बाई, तुमची ती खाली मले उधार द्या. पोरायले थांबणं शिकवाचं आहे."

खाली म्हणजे तालातली रिकामी मात्रा, जिथे टाळी द्यायची नाही, नुसता हात हलवायचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांना फळ्यासमोर उभं केलं आणि सांगितलं, दुसऱ्या अन् चौथ्या मात्रेवर खाली. त्यांना हवी होती शांतता. पण पोरं सगळी विणकरांची. घरी बापाच्या हातमागावर बसायची, आणि बाप "खाली!" म्हणाला की खड्ड्यातली पावडी पायानं दाबायची, एवढंच त्यांना ठाऊक. दुसरी मात्रा आली आणि तीस पोरांनी एकदम पाय दाबला. धप्प! चौथीवर पुन्हा धप्प!

मी दारात उभी होते. संतापलेच. "अरे गधड्यांनो, खाली म्हणजे रिकामी! पाय कोणी सांगितला?"

सरांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांचे डोळे भरून आले होते. जॅझमध्ये ड्रम वाजवणाऱ्याचा डावा पाय नेमका तिथेच, दुसऱ्या आणि चौथ्यावर, पावडीसारखाच दांडा दाबून झांज मिटतो म्हणे. ते शिकायला त्यांना कलकत्त्यात दोन वर्षं लागली होती. "अन् ह्या पोट्ट्यायनं बापाच्या घरून आणलं, बाई," ते म्हणाले. त्या दिवसापासून त्यांच्या वर्गात खाली म्हणजे पाय. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही, आणि पुढच्या आठवड्यात माझ्याच वर्गात गुपचूप ते करून पाहिलं. लय अशी बसली की काय सांगू! मग गेले आणि कबूल केलं. ते एवढंच म्हणाले, "चहा पिऊन घ्या."

सहा-सात वर्षांत त्या पायाचा बोलबाला झाला. काटोलचे, पारशिवनीचे शिक्षक यायचे, हिंगण्याच्या शाळेतले दोघं तर दर शनिवारी. पुढे पुढे सरांनी आणखी एक रीत काढली. सभागृहात जुन्या बाकांच्या फळ्या ठोकून एक ओटा करून घेतला. पोरं अनवाणी, सर अनवाणी, सगळे फळीवर. बाहेरचे शिक्षक हे वहीत लिहून न्यायचे आणि आपापल्या शाळेत फळ्या ठोकायचे. लाकडानं लय पक्की होते, असं कोणीतरी लिहूनही काढलं होतं. मीही मान डोलवायची.

खरं कारण मला एका दुपारी कळलं. माझ्या पेटीवर कोणीतरी शाईची दौत सांडली होती आणि मी सरांना जाब विचारायला गेले. ते ओट्यावर पाठमोरे, ड्रमच्या वाद्या आवळत बसलेले. मी एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ओरडलेच. ढिम्म! माझं डोकं फिरलं. मी फळीवर जोरात पाय आपटला, तेव्हा ते दचकून वळले.

माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाले, "कधीपासून बोलून राहिल्या, बाई?"

मी समोर जाऊन बसले, तेव्हा त्यांनी सांगितलं. तीस वर्षं डाव्या कानाशी झांज वाजली होती. डावा कान कधीच गेला होता, उजवाही संपत आला होता. समोरच्याचे ओठ पाहून ते बोलणं ओळखायचे आणि पोरांची लय फळीतून तळव्यांना लागायची.

"कोणाले सांगू नका," ते म्हणाले. "रिटायर व्हायले चार वर्सं राहिले. बहिरा मास्तर बँड शिकवते म्हटलं तर उद्याच वर्ग काढून घेतील. वर्ग गेला तर मी घरी कोणाले पाहू? भिंतीले?"

मी गळ्याची शपथ घेतली.

त्यानंतर तीन वर्षं मी त्यांचा कान झाले. कोणी काही विचारलं की मी समोर जाऊन उभी राहायची आणि ओठ नीट हलवत म्हणायची, "सर, हे विचारून राहिले की..." स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली. विज्ञानाच्या बाईंनी एकदा डोळे मिचकावून विचारलं, "काहून वं, सर तुझ्या तोंडाकडेच काहून पाहत राहते?" मी म्हटलं, "तुझ्या तोंडाकडे पाहण्यासारखं काही नाही म्हणून." बदनामी झाली, होऊ दिली. धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची, की एखाद्या दिवशी मी शाळेत नसेन आणि कोणी मागून हाक मारेल.

मी शाळेतच होते. त्याचंच तर दुःख आहे.

थंडीचे दिवस होते. जिल्ह्यातल्या संगीत शिक्षकांचं शिबिर आमच्या सभागृहात भरलं होतं. सरांची पद्धत सगळ्या शाळांत न्यावी की नाही हे पाहायला शिक्षण खात्याचे एक साहेब आले होते. सरांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. पोरं अशी वाजली की अंगावर काटा आला. टाळ्या थांबल्या आणि साहेबांनी प्रश्न विचारला. साहेबांच्या मिशा अशा झुपकेदार की ओठ दिसेनात, आणि मी मागे शिपायाशी चहाच्या कपांवरून वाद घालत होते.

"ही मुलं अनवाणी का?" साहेबांनी विचारलं.

बाहेरचे शिक्षक कुठून येतात असं विचारलं समजून सर अदबीनं म्हणाले, "काटोलहून, साहेब."

थोडं हसू आलं. साहेबांनी पुन्हा विचारलं, "अहो, अनवाणी का, अनवाणी?"

"हो, हो. सकाळच्या बसनं येतात."

सभागृह खदखदलं. एका तरुण शिक्षकानं तर कानाला हात लावून नक्कल केली. ज्यांनी सरांच्या हाताखाली वह्या भरल्या तेही हसत होते! सर सगळ्यांकडे पाहून आपणही थोडं हसले, आपण काही गमतीचं बोललो असं वाटून. ते हसू मला बघवलं नाही. मी कप तसेच टाकून पुढे धावले.

"हसता काय? लाज नाही वाटत? ऐकू येत नाही त्यांना! दोन्ही कान गेलेत, तळव्यांनी ऐकतात ते! तुमच्यातल्या एकाला तरी जमेल का?"

नक्कल करणाऱ्याचा हात खाली आला. आणि मग मी सरांकडे पाहिलं. ते माझ्याचकडे बघत होते. सवयच होती त्यांना, गडबड झाली की माझे ओठ शोधायची. त्यांनी शब्दन् शब्द वाचला होता.

साहेब भला माणूस. उठून त्यांनी सरांचा हात हातात घेतला, फार कौतुक केलं. पण पंधरा दिवसांत मुख्याध्यापकांनी डॉक्टरांचा दाखला मागितला. सरांना पुस्तकांच्या खोलीत बसवलं, कपाटांच्या याद्या करायला. वर्ग मला दिला. मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं तर दुसऱ्या कोणाला देतील आणि तो पोरांच्या पायांची वाट लावेल, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगू? तो वर्ग मला हवाही होता. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर सर परत आलेच नाहीत.

त्यांच्या घरी जायला मला पाच महिने लागले. कामठी रोडला दोन खोल्या. दार उघडंच होतं, कडी वाजवून उपयोग नव्हता. मला पाहून ते उठले, स्टूल पुसलं, स्वतः चहा टाकला. पोरं कशी आहेत विचारलं. कोण घाई करतो, कोणाचा पाय जड पडतो, एकेकाचं नाव घेऊन विचारलं. मी सांगत गेले, ते ओठ वाचत गेले. रागाचा एक शब्द नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी घरून ठरवून आले होते. म्हटलं, सर, माझं चुकलं. मी शपथ मोडली. तुमच्यावर हसले ते मला सहन झालं नाही, पण तुमचा वर्ग माझ्या तोंडानं गेला, मला माफ करा. सगळं म्हटलं, काही ठेवलं नाही. हुंदक्यावर हुंदका येत होता आणि मी पदर तोंडाशी घट्ट धरून बोलत होते.

माझं संपलं. ते पुढे वाकून बघत होते.

"काय म्हणता, बाई? पदर काढा तोंडावरचा. समजून नाही राहिलं."

मी पदर काढला. तोंड उघडलं. आई शप्पथ सांगते, तेच शब्द पुन्हा निघेनात. पाच महिने जमवलेलं बळ एकदाच पुरलं होतं.

"चहात साखर कमी आहे, सर," मी म्हटलं.

"अरे! माफ करा, बाई," म्हणत ते लगबगीनं उठले, डबा घेऊन आले, दोन चमचे घातले, ढवळलं, आणि आता बरोबर झालं का म्हणून माझ्या ओठांकडे पाहत उभे राहिले.